खिडकी क्रमांक तीनवरील लिपिकास बुधवारचा विनोदी कार्यक्रम पाहू देणेबाबत

प्रति,
मा. सचिव,
नगरपालिका कार्यालय,
स्रेबर्ना रेका

विषय : दर बुधवारी स्टँड-अप विनोदाच्या कार्यक्रमास प्रेक्षक म्हणून जाण्यावरील बंदी उठवणेबाबत.

संदर्भ : विभागप्रमुख श्रीमती पेंचेवा यांचे सूचनापत्र, दि. ११ मार्च २०२४.

सचिव महोदय,

खाली सही करणारा लिपिक आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की, तो नोंदणी विभागात खिडकी क्रमांक तीनवर गेली एकोणीस वर्षे मृत्यूच्या नोंदी घेत आहे. यापुढे सोयीसाठी 'मी' असे लिहितो.

१. माझ्या खिडकीवर दिवसाला सरासरी नऊ माणसे येतात, थंडीत चौदा. सगळी नुकतीच कुणाला तरी गमावून आलेली असतात. मी नाव, वडिलांचे नाव, वेळ, कारण विचारतो आणि दाखला देतो. कामाबद्दल माझी तक्रार नाही. मात्र चार वर्षांपूर्वी माझी पत्नी दोब्रिंका मला म्हणाली, "दिवसभर मेलेल्यांची नावं लिहितोस आणि घरी तेच तोंड घेऊन येतोस. जा बाबा, कुठंतरी हसून ये." त्यानुसार मी जुन्या छापखान्याच्या तळघरात बुधवारी सात वाजता होणाऱ्या कार्यक्रमाला गेलो आणि पुढे जातच राहिलो.

२. तिथे साठ खुर्च्या आहेत. सहा कलाकार प्रत्येकी दहा मिनिटे बोलतात. विनोद पहिल्यांदा पडतो तेव्हा सरबताच्या फ्रिजची घरघर ऐकू येते. तोच विनोद दोन महिन्यांनी, मधले दोन शब्द गाळल्यावर, अख्खं तळघर हलवतो. कुठले दोन शब्द गाळले हे ज्याला कळते तो खरा प्रेक्षक, असे माझे नम्र मत आहे. झोर्नित्सा नावाच्या कलाकाराचा पहिला कार्यक्रम मी पाहिला आहे. त्या दिवशी कुणीही हसले नव्हते. मीही नाही. पण पुढच्या बुधवारी ती पुन्हा आली आणि मीही आलो.

३. मी नेहमी दुसऱ्या रांगेत बसतो, कारण पहिल्या रांगेतल्या माणसाला प्रश्न विचारतात. दि. ७ फेब्रुवारी रोजी दुसरी रांग कुणाच्या तरी वाढदिवसासाठी राखून ठेवली होती. नाइलाजाने मी पुढे बसलो. झोर्नित्साने विचारले, "काका, तुम्ही काय करता?" मी खरे तेच सांगितले, "मृत्यूची नोंद करतो." ती म्हणाली, "मग आज सुट्टीवर आलात की कामावर? मघापासून माझ्याकडे टक लावून बघताय. मला वाटलं, मी आवडले! तुम्ही तर रकाने भरत होतात!" तिने पुढे विचारले, "बरं, लोक एवढ्या दुःखात येतात, तुम्हाला काय म्हणतात?" मी म्हणालो, "निम्मे विचारतात, जेवणाची सुट्टी किती वाजता संपते."

यावर जो हशा झाला तो तिच्या बोलण्यावर नव्हता, माझ्या बोलण्यावर होता. मला त्याचा आनंद झाला, हे मी लपवत नाही. सूचनापत्रात 'कार्यालयाची प्रतिष्ठा मुद्दाम घालवली' असे म्हटले आहे. मुद्दाम नाही, पण आनंद झाला.

४. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि तो गावभर फिरला. दि. ५ मार्च रोजी नेवेना ताशेवा आणि त्यांचे बंधू कामेन ताशेव वडिलांच्या मृत्यूची नोंद करायला आले. बाईंनी मला ओळखले. त्यांना हसू फुटले. तोंडावर हात दाबला तरी थांबेना, आणि मग त्याच हसण्यातून त्या ढसाढसा रडू लागल्या. मी एक शब्दही बोललो नव्हतो. पाण्याचा ग्लास पुढे केला, एवढेच. कामेन ताशेव ओरडले, "माझा बाप मेलाय आणि तुम्ही इथं तमाशा लावलाय?" त्यांनी त्याच दिवशी लेखी तक्रार केली. त्यांचा राग मी समजू शकतो.

५. त्यानंतर मला कार्यक्रमास जाण्यास बंदी झाली. शिवाय दि. १८ मार्चपासून माझ्या खिडकीच्या काचेवर वरून छातीपर्यंत पांढरा कागद चिकटवण्यात आला, जेणेकरून जनतेला फक्त माझे हात दिसावेत. जनता आता वाकून बघते. परवा एक म्हातारे गृहस्थ खाली वाकून म्हणाले, "अरे, तू तरी जिवंत आहेस ना?" ते हसले आणि त्यांच्यामागची रांगही हसली. कागद नव्हता तेव्हा रांगेत इतका हशा कधी झाला नव्हता.

६. मी पाच बुधवार घरी बसलो आहे. दोब्रिंका बरोबर सात वाजता माझ्यासमोर ताट ठेवते. दि. २ एप्रिल रोजी माझ्या हातून एकोणीस वर्षांत पहिली चूक झाली. सासऱ्यांची नोंद द्यायला आलेल्या जावयाचे नाव मी मृताच्या रकान्यात लिहिले. त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ द्या साहेब, तुम्ही दमलेले दिसता." खरे आहे, महोदय. मी दमलो आहे. नोंदींमुळे मी पूर्वीही दमत होतो, पण दर आठवड्याला तो शीण एकदा उतरत असे.

७. गेल्या शुक्रवारी नेवेना ताशेवा एकट्याच आल्या. वडिलांचा चाळिसावा दिवस होता. त्या दिवशी मृताच्या नावाने वाटतात त्या उकडलेल्या गव्हाची वाटी त्यांनी कागदाखालून माझ्यापुढे सरकवली आणि वाकून म्हणाल्या, "बाबा गेल्यापासून मी तेवढी एकदाच रडले, त्या दिवशी तुमच्या खिडकीवर. कामेन तर अजून रडलाच नाही. घरात बोलत नाही, जेवत नाही, बाबांच्या खुर्चीकडे बघत बसतो. मी त्याला म्हटलं, बुधवारी तळघरात चल. नाही नाही म्हणाला. मग त्यानंच विचारलं, तो खिडकीवाला असतो का तिथे?" मी विचारले, "भांडायचंय का त्यांना?" त्या म्हणाल्या, "ते त्यालाही माहीत नाही. पण तुम्ही असाल तर येतो म्हणाला. तेवढं एकच तो महिनाभरात हो म्हणालाय."

८. ज्यांच्या तक्रारीवरून बंदी झाली, तेच गृहस्थ मी तिथे असावे म्हणतात, याची नोंद घ्यावी. तक्रार मागे घेण्याबद्दल त्यांनी काही सांगितलेले नाही आणि मी विचारणारही नाही.

९. तरी विनंती की, येत्या बुधवारी, दि. १७ एप्रिल रोजी, मला जाण्याची परवानगी द्यावी. कार्यालय साडेपाचला सुटते, तोवर निर्णय कळवावा.

निर्णय न कळल्यास किंवा नकार आल्यास मी तरीही जाणार आहे. तशा परिस्थितीत हा कागद अर्ज न समजता पूर्वसूचना समजावा.

नोंदणी विभागातील आपला जुना कर्मचारी,

(सही)
लाचेझार ग्रोझ्देव
लिपिक, खिडकी क्रमांक तीन
स्रेबर्ना रेका, सोमवार, दि. १५ एप्रिल २०२४