गिअरवरचा हात

मंगळवार, संध्याकाळ

हौसेनं सलीम मिस्त्रीकडून गाडीला गिअरचा आखूड दांडा बसवून घेतला आणि तेव्हापासून खडखड. तलवाड्याच्या शाळेत पोचेपर्यंत डोकं उठतं. मिस्त्रीनं दोनदा गाडी फिरवून बघितली. "मॅडम, कायबी आवाज न्हाई." आमच्या ह्यांनीही चालवली, तेही तेच म्हणाले. मला भास होतात म्हणे! होत असतील का खरंच?

आज मी मिस्त्रीच्या शेजारी बसले. त्याचा डावा हात सारखा गिअरवर. ह्यांचाही तिथंच असतो. दांडा धरून ठेवल्यावर वाजेल कसा? म्हटलं, "उतरा, मी चालवते." माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. पहिल्याच खड्ड्यात खडखडला.

"हाय की ओ! लई हाय."

जुन्या दांड्याखालचं रबर नव्याला लावायचंच मिस्त्री विसरला होता. दहा मिनिटांचं काम.

मघाशी ह्यांना घेऊन बाजारात निघाले. मुद्दाम मीच चालवली. जरा वेळानं म्हणाले, "आवाज गेला वाटतं?"

"म्हणजे होता ना?"

मग बाजार येईपर्यंत गाडी गप्प. हेही.