डबा जसाच्या तसा

४ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, असं आरंभी लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तिकडे खरोखरच ठीक असावं. आठ वर्षांतलं पहिलं पत्र आणि तेही अल्बमबद्दल, म्हणून हसू नकोस.

तुझी आई जाऊन चार महिने झाले. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ती मला म्हणाली, "डबा भिंगरीला." कुठला ते तुला सांगायला नको. बोटीच्या धक्क्यावर तिकिटांच्या खिडकीत तीस वर्षं बसून तिने जमवलेली ती परदेशी नाणी. गर्दीत उतारू चुकून ती पुढे सरकवायचे, ती गल्ल्यात पदरचे पैसे टाकायची आणि नाणं घरी आणायची. जुन्या वेळापत्रकाच्या कागदाचं इवलंसं पाकीट करून त्यात घालायची. मी थट्टा करायचो. "जुलमी लोकांची तोंडं कसली जमवतेस?" ती म्हणायची, "अहो, उलटून तरी बघा. मागच्या बाजूला कणीस असतं, मासा असतो." मी कधी उलटून पाहिलं नाही.

तर आता ही नाणी नीट ठेवायला हवीत. चौकात एक अल्बमवाला आहे. म्हातारा, नाकावर दोन चष्मे एकावर एक. मला बघताच म्हणाला, "सर, तुमचं भाषण ऐकलंय मी. दीड तास उभा होतो. खुर्ची मिळाली असती तर झोपलो असतो." असल्या माणसावर विश्वास ठेवावा असं मला वाटलं. त्याने तीन प्रकार समोर मांडले. मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांचा अल्बम, स्वस्त. "हा घेऊ नका. आज लोण्यासारखा लागतो, दोन वर्षांत नाण्याला घाम फुटतो. हिरवा, चिकट. मग रडत माझ्याकडेच याल." दुसरा कडक, पारदर्शक कप्प्यांचा, एका पानावर वीस नाणी. तिसरा म्हणजे लाकडी पेटी, मखमली खाचा असलेली. पण लाकूडही श्वास सोडतं म्हणे आणि चांदी काळवंडते. प्रत्येक नाण्याला वेगळी गोल डबीही मिळते, ती मात्र फार जागा खाते.

तो असंही म्हणाला की नाण्यांजवळ कागद ठेवू नये. कागदातलं आम्ल धातूला खातं. म्हणून मी पाकिटांतून नाणी काढली आहेत. देशांप्रमाणे, सालांप्रमाणे लावली आहेत. एकूण तीनशे अकरा. तुझ्या आईने ती कशीही, कुठल्याच शिस्तीशिवाय ठेवली होती.

मला कडक कप्प्यांचा बरा वाटतो. तुझ्या घरी कपाट कोरडं आहे का? भिंतीला ओल असेल तर आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्या लागतील. काय ते कळव.

तुझे बाबा

१९ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. चार वाक्यं होती, तरी मी ते पुष्कळदा वाचलं. "अल्बम कुठलाही चालेल. पाकिटं मात्र सगळी पाठवा. आई फोनवर तीनशे बारा म्हणाली होती. पुन्हा मोजा."

कडक कप्प्यांचा अल्बम घेतला. निळ्या पाठीचा, सोळा पानांचा. अल्बमवाल्याने एक सुती हातमोजा फुकट दिला. "एकच?" मी विचारलं. "सर, दुसऱ्या हाताने तुम्हाला हातवारे करायचे असतील." त्याचंच म्हणणं की नाणं कडेला धरावं, तोंडावर बोट लावू नये. आणि काही झालं तरी घासून चकचकीत करू नये. "काळं पडलं तर पडू दे. ते त्याचं वय आहे. घासलंत की वय गेलं."

आता एकेक नाणं कप्प्यात सरकवतो आहे. माझी बोटं जाड आहेत, वेळ लागतो.

पुन्हा मोजली. तीनशे अकराच आहेत. तुझी आई शेवटी शेवटी थकली होती, तिचीच मोजण्यात चूक झाली असेल.

पाकिटांचं म्हणशील तर ती जुनी, फाटकी होती. शोधतो. तू कपाटाचं काही लिहिलं नाहीस.

बाबा

२ एप्रिल

भिंगरी,

"रविवारी पहिल्या बोटीने येते. पाकिटं मीच घेऊन जाईन." तुझं हे दुसरं कार्ड परवा आलं. मी घर झाडलं. तुझ्या खोलीतली माझ्या पुस्तिकांची चळत बाहेर काढली, खिडकी पुसली, पलंगावर धुतलेली चादर घातली. मग त्या चादरीवर बसलो आणि उठता येईना.

पाकिटं नाहीत. शोधायची म्हणून लिहिलं तेव्हाही नव्हती. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही नव्हती.

अल्बमवाला कागदाबद्दल जे बोलला, ते मी तुला अर्धंच कळवलं. त्याचं पूर्ण बोलणं असं होतं: "कागद नाण्याजवळ ठेवू नका, पण फेकूही नका. पाकिटाला आणि कप्प्याला एकच नंबर घाला आणि पाकिटं वेगळ्या खोक्यात ठेवा. कागदावर कुणाचं अक्षर असेल तर तोच खरा संग्रह, सर. नाणी काय, बाजारात मिळतात." मी मान डोलावली होती.

आईचं वाक्यही मी तुला अर्धंच सांगितलं. ती म्हणाली होती, "डबा भिंगरीला. जसाच्या तसा."

सोयीचं अर्धं घ्यायचं आणि उरलेल्यावर आवाज चढवायचा, यावर मी चाळीस वर्षं सभागृहं भरली. मोठमोठ्या ग्रंथांची वाक्यं मी अशीच कापली आणि लोकांनी टाळ्या दिल्या. या दोन साध्या वाक्यांवरही माझा हात तसाच चालला.

झालं ते असं. मी सगळी नाणी टेबलावर ओतली. रिकाम्या पाकिटांचा ढीग शेजारी पडला होता. नाण्यांचे देश लावून झाले, तेव्हा एक नाणं उरलं. ते आपलंच होतं, रोजच्या चलनातलं. चुकून पडलं असणार असं समजून ते मी खिशात टाकलं. मग पाकिटं गोळा करताना एक सहज उलटं केलं. आत, वेळापत्रकाच्या आकड्यांवर, तुझ्या आईचं पेन्सिलीतलं अक्षर होतं. वर तारीख, खाली एखादी ओळ.

मी सगळी वाचली. दुपार गेली, संध्याकाळ गेली. ज्याला मी शिस्त नाही म्हणालो, ती तारखांची रांग होती. तीस वर्षांची. नाण्याचा देश तिच्या लेखी कुठे आलाच नव्हता. ज्या दिवशी काही म्हणावंसं वाटलं आणि म्हणता आलं नाही, त्या दिवसाचं नाणं.

"आज हे बोलले, बाईला आवाज हवा. खूप टाळ्या. मी मीठ आणायचं विसरले."

"ताप. खिडकी बंद करता येत नाही."

"ह्यांनी विचारलं, दिवसभर गप्प बसून कंटाळत नाहीस? हसले."

मी जिला घरातली शांतता समजत होतो, ती दर महिन्याकाठी माझ्याबद्दल साक्ष लिहून ठेवत होती. एकही शिवी नाही. शिवी असती तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तर देता येतं.

मग तुझं पाकीट आलं. तू नवऱ्याचं घर सोडून दोन पिशव्या घेऊन आलीस, ते तू आईला स्वयंपाकघरात, दार लोटून सांगितलं होतंस. पाठीवरचे वळ तिला एकटीला दाखवले होतेस. ते मला तिच्याकडून कळलं आणि आठवड्याने मी ते चारशे माणसांना सांगितलं. "माझ्या घरातलं उदाहरण देतो," म्हणालो. वळ किती आणि कुठे, तेही सांगितलं. तू तिसऱ्या रांगेत होतीस. घरी आल्यावर तू विचारलंस, "बाबा, मला विचारलं होतंत?" आणि मी म्हणालो, "अगं, प्रश्न तुझ्या एकटीचा नाही." ते खरं होतं. आजही खरं आहे. त्या खऱ्याचा मी काय उपयोग केला, ते तू दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर जाऊन दाखवलंस.

पाकिटावर एवढंच होतं. "भिंगरी खिडकीवर आली. म्हणाली, एक द्या, फक्त जाण्याचं. नाणं तिच्या हातात गरम झालं होतं. ठेवून घेतलं."

त्याच्या पुढच्या एकाही पाकिटावर माझ्यासाठी "हे" नाही. तिथून पुढे सगळीकडे "वक्ते". "वक्ते आज घरी." "वक्त्यांना खोकला." तोंडाने ती शेवटपर्यंत "अहो" म्हणत राहिली.

मी घाबरलो, भिंगरी. लाठीसमोर मी उभा राहिलो आहे, दोनदा तुरुंगात गेलो आहे, तेव्हाही असा घाबरलो नव्हतो. हे तुझ्या हाती पडणार, तू वाचणार, आणि मी मेल्यावरही हेच उरणार, एवढं एकच डोक्यात होतं. सकाळी तीनशे बारा पाकिटं पिशवीत भरली आणि बसने माझ्या पुस्तिका छापतात त्या छापखान्यात नेली. तिथल्या रद्दीच्या पोत्यात माझ्या हाताने ओतली. रद्दी लगद्याच्या कारखान्यात जाते हे मला ठाऊक होतं.

तुझं पहिलं कार्ड आलं, त्याच दुपारी मी पुन्हा तिथे गेलो. फोरमन म्हणाला, "सर, रद्दी दर सोमवारी जाते. तुम्ही आलात केव्हा, विचारता केव्हा! काही राहिलं होतं का त्यात?" मी म्हणालो, "भाषणाची टिपणं." तो म्हणाला, "मग काय बिघडलं, तुम्हाला तर सगळं तोंडपाठ असतं!" आणि हसला बिचारा.

तोंडपाठ काही नाही. तीनशे बारांतली मला नऊ आठवतात. ती नव्या कागदावर उतरवायला बसलो. तिची वाक्यं पाच-सहा शब्दांची. तिसऱ्या पाकिटापर्यंत माझ्या हातून विशेषणं घुसायला लागली, शेवटी उद्गारचिन्ह आलं. ते फाडून टाकलं. वर सहा लिहिली आहेत, ती जशी होती तशीच आहेत याची खात्री देतो. उरलेल्या तिन्हींची देऊ शकत नाही, म्हणून लिहीत नाही.

आणि तीनशे बारावं नाणं. आईची मोजणी चुकली असं मी लिहिलं होतं. तीस वर्षं गल्ल्याचा हिशेब एकदाही न चुकलेल्या बाईबद्दल. ते खिशात टाकलेलं आपलं नाणं तुझं होतं. तुझं पाकीट वाचलं तेव्हा ते माझ्या खिशातच होतं, आणि मला ते सुचलं नाही. मला त्या वेळी फक्त मी सुचत होतो. सकाळी छापखान्याच्या बसचं तिकीट मी त्याच नाण्याने काढलं. कंडक्टरच्या पिशवीत ते पडलं, तो आवाजही मला आठवतो. कुठलं नाणं होतं ते मात्र घरी परतल्यावर, रिकामा डबा बघताना कळलं.

तसलंच दुसरं नाणं मिळवणं काही कठीण नव्हतं. कुणाच्याही खिशात असतं. दोन दिवस एक माझ्या टेबलावर होतं. ते शेवटच्या कप्प्यात सरकवलं असतं तर आकडा जमला असता आणि तुला जन्मात कळलं नसतं. काल ते देऊन मी या पत्रासाठी टपालाचं तिकीट घेतलं.

हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. बोट रविवारची आहे. गप्प राहिलो असतो तर तू आली असतीस, दारात उभी राहिली असतीस आणि निदान एकदा तुझं तोंड दिसलं असतं. मग सांगितलं असतं. हा विचार मी सोडून देत होतो आणि पुन्हा उचलत होतो. पण जे नाही ते न्यायला तुला समुद्र ओलांडायला लावणं म्हणजे पुन्हा तुला न विचारता तुला रंगमंचावर उभं करणं.

माफी मागत नाही. माफीवर मी सुंदर बोलतो, म्हणून.

अल्बम आणि रिकामा डबा धक्क्यावरच्या तिकिटांच्या खिडकीत ठेवतो आहे. आईच्या जागी आता एक तरुण बाई बसते, ती दोन्ही सांभाळेल. आलीस तर उतरून ते घे आणि त्याच बोटीने परत जा. घरापर्यंत यावं लागणार नाही. मी धक्क्यावर येणार नाही. अल्बम कोरड्या कपाटात उभा ठेव, आडवा नको, आडवा ठेवला की नाणी एकमेकांवर दाबली जातात. सोळाव्या पानावर अकरा नाणी आहेत. बारावा कप्पा मी रिकामा ठेवला आहे. त्यात काही घालू नकोस.

वक्ते