तहाच्या चित्रातले हात

तीर्थस्वरूप दादांना धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग, म्हणजे डावा पाय, थंडीत अजून ठणकतो, तेव्हा नमस्कार साडेसात अंगी समजावा.) तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तुम्ही चष्मा पुसायला घेतला असेल, तर सावकाश पुसा. मागच्या खेपेला तुम्ही तो पुसलात तेव्हा मी बल्ब बदलायला शिडीवर होतो आणि शिडी धरायचं काम तुमच्याकडे होतं. मी खाली आलो, पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि तुम्ही वर म्हणालात, "मी हात सोडला नाही, तूच पाय सोडलास." तेव्हापासून आपला अबोला. तब्येत मुद्दाम विचारत नाही, कारण आपल्या बायका रोज फोनवर बोलतात आणि तुमच्या दाढेचं मला तुमच्याआधी कळतं.

पत्रास कारण असं, की निवृत्त झाल्यापासून मी तैलचित्रं शिकतोय. आमच्या सरांच्या मते नवख्याने आधी जुन्या चित्राची हुबेहूब नक्कल करावी. मी दोन राजांच्या तहाचं चित्र निवडलं: तंबू, दोन्हीकडचे सरदार, घोडे, आणि मधोमध हातात हात दिलेले थोरले आणि धाकटे राजे. (सरांनी एक सफरचंद सुचवलं होतं, पण आपल्या घरात कोणी थोडक्यात आटोपलंय का?) चौकटी आखून चित्र मोठं करताना एक उभी ओळ मोजायची राहिली, त्यामुळे धाकट्या राजांचं पोट गेलं. ते तसं बरंच दिसतं. तैलरंग आठवडा आठवडा वाळत नाहीत, हे घरात सगळ्यांना एकेक करून कळलं, सौ.च्या कोपराला अर्धा तंबू लागला. रंगात घालायचं जवसाचं तेल सासूबाईंनी गुडघ्यांना चोळलं. गुडघे सुधारले, आणि आता त्या दुसरी बाटली मागताहेत.

खरी पंचाईत हातांची झाली. चित्रात माणसं सतरा, म्हणजे हात चौतीस. पहिला काढला तो केळ्यांच्या फणीसारखा झाला, दुसऱ्याला बोटं सहा आली. मग मी युक्ती केली. प्रधानाचे हात शालीत घातले, पहारेकऱ्यांचे ढालीआड, आणि उरलेल्या सरदारांचे सरळ पाठीमागे नेले. सौ.ने बघून विचारलं, की यांतले कैदी कोणते. सरांनीही माझ्यापुढे हात टेकले. पण राजांचे हात लपवून कसं चालेल, मग तह कसला, दोन माणसं नुसती तंबूत उभी. धाकट्या राजांचा मी आरशात स्वतःचा बघून काढला, तो जमला. थोरल्यांचा तीनदा काढला आणि तिन्ही वेळा करंगळी वाकडी आली. सर म्हणाले, मूळ चित्रात सरळ आहे. मी म्हटलं, दिसतंय मला. खरवडून पुन्हा काढला, पुन्हा वाकडी. तेव्हा सरांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला.

"हा हात तुम्ही चित्रात बघून काढत नाही आहात," ते म्हणाले. "ज्याचा आहे, त्याला समोर बसवा."

दादा, मी सहा वर्षांचा असताना सायकलच्या साखळीत माझं बोट अडकलं होतं. ते सोडवताना तुमची करंगळी कायमची वाकडी झाली, आणि घरी तुम्ही सांगितलंत की दारात चेंगरली. त्याच हाताने मला पाडलं, असं मी तीन वर्षं गावभर सांगत फिरलो. मला तुमची फार आठवण येते. रविवारी या. दोन तास हात पुढे करून बसायचं, एवढंच काम आहे. बोलायची सक्ती नाही. समोर बसणाऱ्याने हलू-बोलू नये असाच सरांचा नियम आहे.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
पोट फक्त चित्रात गेलेला धाकटा

ता. क. : त्या दिवशी शिडीवर माझ्या पायात सौ.च्या सपाता होत्या. दोन नंबर लहान. हे अजून तिलाही सांगितलेलं नाही.

आणखी एक : चित्र वाळलं की बैठकीच्या खोलीत उंच टांगायचं आहे. चढणार मीच, अनवाणी. शिडी तुम्ही धरा. (चष्मा घरूनच पुसून या.)