डावा स्क्रीन

अण्णा, गेल्या रविवारी माझ्या टेबलावर डाव्या स्क्रीनला जागा मिळाली नाही, आणि तेवढ्यावरून तुमच्याबद्दलची एक गोष्ट मला आत्ता, चाळिशी उलटल्यावर कळली. चार दिवस झाले, मी अजून भानावर आलेले नाही. भांडायला बाप आता जिवंत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी टेबलाचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही उमगायचं नाही. इथं नगरला मी घरी बसूनच काम करते, लोकांच्या बंगल्यांचे नकाशे कॉम्प्युटरवर काढून देते. एका स्क्रीनवर भागत नव्हतं, म्हणून आता तीन घेतले. मधल्यावर नकाशा, उजव्यावर इंजिनिअरचे निरोप, डाव्यावर मोजमापं. एका बाईला तीन टीव्ही कशाला, असं तुम्ही विचारलं असतंत, आणि खरं उत्तर ऐकून हसला असतात. कारण काम संपलं की मी त्याच टेबलावर गाडी चालवायचा गेम खेळते. टेबलाच्या कडेला स्टिअरिंग आवळून बसवलंय. मधल्या स्क्रीनवर पुढची काच आणि रस्ता, उजवीकडं आपल्या बाजूचा आरसा, डावीकडं पलीकडची खिडकी आणि तिचा आरसा. ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यासारखंच दिसतं सगळं. अर्धा दिवस वायरींच्या गुंत्यात गेला. माऊस डावीकडं न्यावा तर उजवीकडून बाहेर यायचा, कारण कुठला स्क्रीन कुठं आहे हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं. तेही सांगून झालं. आणि मग डाव्या स्टँडचा टेबलाला आवळायचा चिमटाच तुटका निघाला. दुकानदार म्हणाला, बदलून देतो, पण तीनचार दिवस लागतील.

मला कुठला दम निघतोय. डावा स्क्रीन शेजारच्या स्टुलावर भिंतीला टेकवून ठेवला आणि गेम चालू केला. माझ्या खुर्चीवरून त्याची नुसती कड दिसत होती. लेक समोरच पलंगावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती, तिला मात्र तो अख्खा दिसत होता. हल्ली ती माझ्याजवळ बसत नाही, बारा वर्षांची झाली ना. पहिल्याच चौकात डावीकडून आलेल्या टेम्पोला मी घासलं. पुढच्या चौकात गाडी उभी केली, मान डावीकडं वळवली आणि म्हणाले, "बघ गं डावीकडं. येऊ का?" ती मोबाईलवरून मान वर करून म्हणाली, "थांब. एक जाऊ दे. हां, ये आता."

अण्णा, माझे हात स्टिअरिंगवरच राहिले. मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता आणि मी त्या पोरीकडं बघत बसले. ते शब्द माझे नव्हतेच. आपल्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये रोज ते ऐकलेत मी. आपण पाथर्डीच्या रस्त्याला आहोत, जीप खचाखच भरलीय, मी पुढं डाव्या खिडकीत, मांडीवर दप्तर. तिठा आला की तुम्ही जीप हळू करता. "बघ गं डावीकडं. येऊ का?" मी मान बाहेर काढून म्हणते, "थांबा अण्णा. सायकलवाला जाऊ द्या. या आता." खिडकीची ती जागा तुम्ही कुणाला दिली नाहीत. एकदा एक पाटील दुप्पट भाडं देत होते, तर त्यांना तुम्ही मागं फाळक्यावर उभं केलंत आणि म्हणालात, "तिथं माझी लेक बसती." आयुष्यभर मी ती गोष्ट मिरवली. लग्नात मिरवली, सासरी मिरवली. बापाची माया म्हणजे काय, हे सांगायला मला दुसरं काही लागायचंच नाही.

त्या खुर्चीत बसल्या बसल्या एकेक आठवत गेलं. जेवायला तुम्ही कायम पंगतीच्या डाव्या टोकाला बसायचात, म्हणजे सगळी माणसं उजवीकडं. मी पहिली-दुसरीत असताना एकदा चुलीपासून चहा घेऊन तुमच्या डाव्या अंगानं आले. तुमच्या हाताचा धक्का लागून कप उडाला, माझा पाय भाजला, आणि वर तुम्ही माझ्यावरच ओरडलात, समोरून यायला काय होतं म्हणून. एरवी तुम्ही कधी आवाज चढवला नाही. मढीच्या जत्रेत बाकीच्या पोरींना बांगड्या मिळाल्या, मला तुम्ही लाल शिट्टी घेऊन दिलीत. जीप मागं घेताना वाजवायला. आणि डाव्या बुबुळावरचा तो पांढरा ठिपका, तांदळाच्या कणीएवढा. मला तो फार आवडायचा. तीळ असावा तसाच, असं वाटायचं.

मी आईला फोन लावला. ती गावी भावाकडं असते. मी काही प्रस्तावना न करता विचारलं, अण्णांना डाव्या डोळ्यानं दिसायचं का? ती शेंगा फोडत होती, आवाज येत होता. म्हणाली, "न्हाई. ऊस तोडताना पातं घुसलं हुतं. तू झाली न्हवतीस तवा." इतक्या सहज, भाजीत मीठ आहे का सांगावं तसं. त्यामुळंच ऊसतोड सुटली, आणि मी शाळेत जायला लागल्यावर जीप घेतली म्हणे. मी ओरडले. मला कुणीच का सांगितलं नाही, असं विचारलं. शेंगांचा आवाज थांबला. आई म्हणाली, "आमाला वाटलं तुला म्हाईत हाय. तो कप सांडल्यापून तू कवाच त्यांच्या डाव्या अंगानं गेली न्हाईस."

लायसन कसं मिळालं, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. अण्णा, काय केलंत तुम्ही हे? मागं बाया-बापे, तान्ही पोरं, टपावर गाठोडी, आणि भरवसा सगळा एका शाळकरी पोरीच्या डोळ्यांवर. मी कधी पेंगायचे. कधी खिडकीतून बोरीच्या झाडांकडं बघत बसायचे. बाकीचे जीपवाले दिवसभर फेऱ्या मारायचे. तुम्ही मला सकाळी शाळेपाशी सोडायचात आणि शाळा सुटेपर्यंत तिथंच लिंबाखाली जीप लावून बसायचात. लोक आळशी म्हणायचे, तुम्ही म्हणायचात, लेकीला न्यायचंय. मी कॉलेजला हॉस्टेलवर गेले आणि त्याच महिन्यात तुम्ही जीप विकली. हल्ली पॅसेंजर मिळत नाहीत, असं मला सांगितलंत.

म्हणजे ती जागा माझी होती की तुमच्या डोळ्याची? मी हेच आईला विचारलं, आणि विचारताना रडले. ती वैतागून म्हणाली, "त्या दोनात काय येगळं काढायचं आता." मला ते उत्तर वाटलं नाही. राग आला. दोन दिवस मी गेम लावला नाही, कामातही मन नव्हतं. त्या रिकाम्या डाव्या बाजूकडं बघायचंही टाळत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लेकच माझ्या खोलीत आली. मोबाईल बाहेर ठेवून. पलंगावर न बसता स्टुलाजवळ खुर्ची ओढून बसली, खांदा माझ्या खांद्याला लागेल इतकी जवळ, आणि म्हणाली, आज गाडी काढायची नाही का? मग आम्ही पार घाट उतरून आलो. ती थांब म्हणाली की मी थांबत होते, ये म्हणाली की जात होते. एका वळणावर आम्ही दोघी एकदमच हसलो. उठताना तिनं बजावलं की ही जागा माझी, इथं दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही.

हे मधल्या स्क्रीनवर लिहितेय. कुठं पाठवायचं नाही, छापायचंही नाही. तुम्ही अजून सुटला नाहीत माझ्या तावडीतून, राग आहेच. पण एक तुम्हाला सांगून टाकते. स्टँडचा नवा चिमटा आज सकाळीच आला. मी तो खोक्यासकट कपाटात साड्यांच्या मागं ठेवलाय, आणि लेकीला सांगितलंय की अजून आला नाही.