फोटोत येणारं दार

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

संडास बांधून दोन महिने झाले. आज न सांगता जाऊन पाहिलं. फरशी कोरी! बादली ठेवली तिथेच, दाराच्या कोपऱ्यात कोळ्याने जाळं विणलंय. शेजारच्या पूर्णा गावातल्या गोदामांत पॅकिंगला जाणाऱ्या चाळीस बायका रोज समोरून जातात. गोदामात त्यांना सोय नाही — जो एक आहे तो ऑफिसातल्या मॅडमचा. म्हणून तर हा बांधला. आणि एकही आत जात नाही!

पैसे फाउंडेशनचे, ज्यांनी मला समाजकार्याचा पुरस्कार दिला; आधी पुरस्कार मिळालेल्यांनाच ते ही छोटी मदत देतात. यंदा आशियातून अकरा जण. त्या अकरांत मी, आणि माझ्या संडासात कोळी.

शिफ्टला निघालेल्या बायकांना रस्त्यातच अडवून झापलं. "मी ग्रामपंचायतीत खेटे घालायचे, आणि तुम्हाला साधी सवय बदलता येत नाही?" सगळ्या खाली बघत उभ्या. गुणाबाईला नाव घेऊन बोलले. ती बचत गटाची प्रमुख, तिने तरी! ती एवढंच म्हणाली, "शिफ्टला उशीर होतो, बाई."

५ नोव्हेंबर

फाउंडेशनची बाई पाहणीला येतेय. सोमवारी. काठमांडूहून!

१० नोव्हेंबर, सोमवार

पाहणी उत्तम झाली. असं लिहिलं खरं.

बायकांना काल निरोप दिला होता — अर्धा तास आधी या, प्रत्येकीच्या हातात बादली हवी. आल्या. रांगेत उभ्या राहिल्या. पाहुणी खूश. "दीदी, कमाल कर दिया आपने!" सारखे फोटो काढत होती.

गुणाबाईची सून मेघाली रांगेत पहिली. तोंडावर पदर ओढून भिंतीकडे वळून उभी. म्हटलं, "पदर काढ, चेहरा दिसू दे." तिने समोरच्या चहाच्या टपरीकडे पाहिलं. काढला नाही. मग मीच पुढे होऊन ओढला.

टपरीच्या बाकड्यावर तिचा सासरा लडकू बसला होता. तो उठून गेला. मला वाटलं, चहा संपला असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मेघालीला तीन दिवस ताप. काल दवाखान्यात ठेवली. मोसंबी घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई तिला विचारत होत्या, "दिवसात पाणी किती पितेस?"

"निंगताना एक पेला. मंग घरी आल्यावर."

"मधे दहा तास?"

"शिफ्टमधी प्यायलं तं जायला लागंल ना."

लघवीचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय म्हणाल्या. दुसऱ्यांदा झालाय हिला.

मी तिथेही गप्प बसले नाही. "अगं, पण संडास आहे ना तुमच्या रस्त्यावर!"

गुणाबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दारासमोर टपरी हाय, बाई. तिथं हिचा सासरा बसतो. माजा थोरला दीर बसतो. गावातले सगले म्हातारे सकालपासून तिथंच. त्यांच्या म्होरं बादली घेऊन ही आत कशी शिरंल?"

"मग आधी सांगायचं होतं!"

"सांगितलेलं."

सांगितलं होतं. एप्रिलमध्ये. चुन्याच्या फक्कीने आखणी चालली होती तेव्हा ती काटकी घेऊन खाली बसली होती आणि मातीत दार मागे, शेताकडे काढून दाखवलं होतं. मी म्हटलं होतं, "गुणाबाई, फाउंडेशनचा बोर्ड आणि दार एका फोटोत आलं पाहिजे. अट आहे तशी." आणि तिची रेघ माझ्या चपलेने पुसली. रागाने नव्हे. घाईत. तेच जास्त वाईट.

१४ नोव्हेंबर

फाउंडेशनचे नियम पुन्हा वाचले. बोर्ड दिसेल अशा जागी लावावा, एवढंच आहे. दाराबद्दल अक्षर नाही. ती अट माझी होती.

अर्जात मात्र माझ्या अक्षरात आहे — "स्थानिक महिलांशी सविस्तर विचारविनिमय केला." खाली गुणाबाईची सही. ती सावकाश एकेक अक्षर काढते. मी "चला, चला" करत होते. वाचून दाखवलं नव्हतं.

बी.ए.ला समाजशास्त्र होतं माझं. पहिला वर्ग.

१६ नोव्हेंबर, रविवार

मेल. रांगेचा फोटो त्यांना अहवालाच्या मुखपृष्ठावर हवाय! आणि मी फेब्रुवारीत बँकॉकला येऊन बोलावं. विषय: 'ऐकून घेणारं नेतृत्व'.

दिपालीने — माझ्या सुनेने — मेल मोठ्याने वाचला आणि हसली. मी विचारलं, काय झालं? "काही नाही, आई. तुम्ही आजवर कुणाचं ऐकून घेतलंय ते आठवत होते."

एरवी उत्तर दिलं असतं. आज उठून भांडी लावली.

१७ नोव्हेंबर

फाउंडेशनला लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात आलं — "काही सांस्कृतिक अडचणींमुळे वापर कमी." वाचून मलाच शिसारी आली. दोष पुन्हा त्यांच्याच माथी! फाडला. दुसऱ्यात "नियोजनात त्रुटी राहिली." कुणाच्या नियोजनात? तोही फाडला.

तिसऱ्यात सरळ लिहिलं. दार मी चुकीच्या बाजूला केलं. बाईने सांगितलेलं ऐकलं नाही. रांग मी उभी केली होती, त्यातली एकही आत गेली नव्हती. फोटो छापू नका. त्या मुलीचा पदर मी ओढलाय.

पाठवलं.

१९ नोव्हेंबर

उत्तर नाही. मेघाली घरी आली. फोन गुणाबाईने घेतला — "बरी हाय." ठेवला.

रविवारी जायचं. गवंडी बरोबर घ्यायचा. दार मागे करायचं, पण त्याआधी सगळ्यांसमोर माफी मागायची. जिथे झापलं तिथेच. काय बोलायचं ते तीनदा म्हणून पाहिलं. दर वेळी भाषण होतंय!

आणि त्या टपरीवरच्या म्हाताऱ्यांचं काय? ते आडवे आले तर? ग्रामपंचायतीतून पत्र आणावं लागेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

गवंडी घेऊन गेले. गरज नव्हती. मागची भिंत फोडून दार तिकडे बसवलेलं, पुढे नव्या विटा. लडकू कडेने सिमेंट भरत होता.

माफी मागायला तोंड उघडलं. तो थापी न थांबवता म्हणाला, "त्या फोटोच्या दिशी घरी जाऊन घरवालीला इचारलं, तवा समजलं, बाया आमच्यापायी आत जात नाय. आमाला काय ठावं, बाय? आदी बोलली असतीस तं बाकडं उचलून पलीकडं टाकलं असतं."

आत बादली वाजली. लडकूने थापी खाली ठेवली आणि शेताकडे तोंड करून उभा राहिला. मीही वळले.