माझ्या गोदामात उंदीर नव्हते

३ फेब्रुवारी
पुन्हा उंदीर! ओट्यावर लेंड्या. सूनबाई फडक्याने पुसता पुसता म्हणते, "बाबा, पिंजरा आणलाय." पिंजरा! तीस वर्षं मी गिरणीचं धान्यगोदाम सांभाळलं. पोती भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांवर रचलेली. जमिनीवर दाणा दिसला तर हमालाची खैर नसे. उंदराची काय बिशाद होती आत शिरायची! इथे एवढासा ओटा, तोही हिला आवरत नाही.

४ फेब्रुवारी
पिंजरा रिकामा. आतला पाव गायब. उंदीरसुद्धा हिला ओळखून आहेत.

७ फेब्रुवारी
या वहीतली पाच आणि सहा तारखेची पानं नाहीत. म्हणजे माझ्या टेबलापर्यंत मजल गेली! कड मात्र सरळ, पट्टी लावून फाडल्यासारखी. आमच्या घरचे उंदीर, शिकलेसवरलेले असणारच.

सूनबाईला वही दाखवली. बघितलं, फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच — "बाबा, तुमची खोली एकदा झाडून काढू का?" म्हटलं, आधी स्वयंपाकघर बघ. माझ्या ट्रंकेला, कपाटाला हात लावायचा नाही.

१० फेब्रुवारी
औषध मारणारा आला. मिशीला कलप, हातात विजेरी, आव मोठ्या तज्ज्ञाचा. गुडघ्यावर रांगत फिरला आणि म्हणतो, "आजोबा, माग तुमच्या खोलीकडे जातोय. कुणीतरी खाणं साठवलंय." सूनबाई त्याला म्हणाली, "तुम्ही फक्त स्वयंपाकघरात मारा." हिला काय लपवायचंय?

आणि साठा म्हणजे काय, हे मला सांगतो! गोदामात प्रत्येक मालातला मूठभर नमुना काढायचा, पुडी बांधायची, वर 'राखीव', तारीख, सही. उद्या मालाबद्दल कुणी ओरडलं की पुडी समोर. माझ्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती झाली नाही.

११ फेब्रुवारी
मुलाला फोन केला. तो कामासाठी परगावी, घर हिच्या भरवशावर! सांगितलं — तुझ्या बायकोला जमत नाही. तिला माहेरी पाठव, मी कामाला बाई ठेवतो. म्हणाला, "रविवारी येतो, मग बोलू." सूनबाई दारातच उभी होती. ऐकू दे.

१४ फेब्रुवारी
उद्या मुलगा येतोय, म्हणून ही सकाळपासून डबे घासतेय. आता काय उपयोग! मी दिवसभर खुर्चीतून उठलो नाही. गंमत बघत बसलो.

१५ फेब्रुवारी
मुलाने माझी ट्रंक भिंतीपासून ओढली. मागचा कोपरा गंजून फुटलेला. कुलूप काढायला लावलं. आत पाव, बिस्किटं, शेंगदाणे. अकरा पुड्या, काही कुरतडलेल्या. सगळ्या या वहीच्या पानांत बांधलेल्या. वर 'राखीव', तारीख, सही. सही माझी.

"कपाटातल्या मी रोज गुपचूप काढत होते," सूनबाई त्याला सांगत होती. "ट्रंकेला कुलूप होतं. बाबांना काय विचारणार?"

शेवटच्या पुडीवर तारीख कालची. काल मी खुर्चीतून उठलो नव्हतो. वर तसं लिहिलंय मी.

लाज वाटली. भीती त्याहून जास्त. मुलाला म्हटलं, हिला कुठे पाठवू नकोस.

ट्रंकेची किल्ली सूनबाईकडे दिली. लिहून ठेवतोय, म्हणजे उद्या तिच्यावर चोरीचा आळ घेणार नाही.