जळगावातच होते ती तपासणी

प्रिय सारू,

कॅन्सर नाही. आधी एवढंच वाच, पाणी पी, मग पुढचं वाच.

माझ्या ओठाच्या आत नि गालाला मोहरीएवढे दाणे आले होते, आठ महिने झाले. दुखत नव्हते, पण जीभ लागली की जीव टांगणीला. पंचवीस वर्षं अंगणवाडीत बायांना मिश्री सोडा म्हणून सांगणारी तुझी ताई स्वतः रोज सकाळी मिश्री घासते, हे तुला ठाऊकच आहे. त्यामुळे मनात दुसरं काही येईना. नातीचा पापा घेणंही मी बंद केलं.

शेवटी यांना सांगितलं. यांनी लगेच रिक्षा काढली. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बहुतेक विषाणूचं आहे, पण तुकडा तपासल्याशिवाय खात्री नाही, आणि ती तपासणी इथे कोण करतं ते शोधावं लागेल. झालं, आमची वरात निघाली. जळगावात तीन लॅब पालथ्या घातल्या. मुंबईला पाठवू, महिना लागेल, म्हणे. महिनाभर मी जगले असते का गं? धुळ्याला गेलो, तर तिथली मुलगी म्हणाली, मावशी, या विषाणूसाठी गर्भाशयाची तपासणी करतात, तोंडाची नाही. हे लाजून बाहेर पळाले आणि इतक्या दिवसांनी मला हसू आलं. आणि लॅब सापडली कुठे, तर घरापासून दहा मिनिटांवर, डाळ मिलच्या मागे. पाटीवर नुसतं रक्त-लघवी लिहिलंय, म्हणून आम्ही कधी वर चढलोच नव्हतो.

तुकडा काढायच्या दिवशी मीच घोळ घातला. पहाटे सवयीने बोट डबीत गेलं. बाईंनी तोंड उघडायला लावलं तर आत सगळं काळं. आठ दिवस मिश्री बंद करून या म्हणाल्या. त्या आठ दिवसांत मी यांच्यावर इतकी खेकसले की हे दुपारचं जेवण रिक्षा स्टँडवरच उरकायला लागले. पण मिश्री सुटली, अजून सुटलेलीच आहे.

काल रिपोर्ट आला. साधे दाणे, विषाणूचेच. आपोआप जातील, नाही गेले तर काढता येतात. हे स्टँडवर सगळ्यांना बठ्ठं बेस शे, सगळं ठीक आहे म्हणून सांगत फिरले. नातीचा पापा कपाळावरच घ्या म्हणाल्या बाई. कपाळ तर कपाळ, दहा घेतले.

बाईंनी विचारलं, भावाबहिणींत आणखी कुणाला आहे का? मी नाही म्हटलं. खोटं बोलले, सारू. मुक्ताईनगरला आपल्या मयुरीच्या साखरपुड्यात तू खोलीत आरशासमोर ओठ उलटून बघत होतीस. मी दारातून बघितलं आणि तशीच मागे फिरले. वाटलं, आपण दोघीही जाणार, मग एकमेकींना सांगून काय करायचं. बहीण असून मी तुला त्या खोलीत एकटीला सोडलं, याची मला फार लाज वाटते. तुझा फोन कायम नवलभाऊजींच्या हातात, म्हणून हे पत्र. तुझे दाणे माझ्यासारखेच असतील असं मी म्हणत नाही. पण मंगळवारी अकराला बाईंकडे तुझ्या नावाने नंबर लावलाय. शिरपूरहून पहाटेची गाडी पकड, एसटी स्टँडवर मी उभी असेन, आणि आत मी तुझ्याबरोबर येणार आहे.

तुझीच,
रत्नाताई